वाचक विचारतात : ग्राफ डेटाबेसमध्ये ‘जवळचं’ कसं शोधायचं?

गेल्या अंकात ग्राफ डेटाबेसची तोंडओळख झाली : नोड म्हणजे एकेक वस्तू, लेबल म्हणजे तिचा गट, प्रॉपर्टी म्हणजे तिच्याबद्दलची माहिती आणि रिलेशनशिप म्हणजे दोन नोडना जोडणारी कड. त्यानंतर आलेल्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून येतो आहे : नोडना अक्षांश-रेखांश चिकटवून झाले, आता ‘याच्या जवळपास काय आहे’ हे विचारायचं कसं? आणि विचारलं तर उत्तर उशिरा का येतं, चुकीचं का येतं किंवा येतच का नाही? बहुतेकांकडे निओफोरजे हा ग्राफ डेटाबेस आहे, म्हणून उत्तरं त्याच्या सायफर या क्वेरीभाषेला धरून आणि पाचव्या आवृत्तीप्रमाणे दिली आहेत. आज्ञांमधले इंग्रजी शब्द इथे उच्चाराप्रमाणे छापलेत. टाइप करताना ते अर्थातच रोमन लिपीत.

प्रश्न (म्हापसा) : हॉटेलं, होमस्टे, दुकानं, मोटारसायकल पायलटांचे (दुचाकी टॅक्सीवाल्यांचे) स्टँड असे चाळीसेक हजार नोड ‘ठिकाण’ या लेबलखाली आहेत. ‘जागा’ या प्रॉपर्टीत पॉइंट ठेवलाय, तिच्यावर इंडेक्सही (शोध झटपट व्हावा म्हणून सूची) केलाय. तरी दोन किलोमीटरच्या आतली ठिकाणं मागितली की दर वेळी सगळेच्या सगळे नोड चाळले जातात. इंडेक्स वापरलाच जात नाही, असं का?

उत्तर : आधी ‘शो इंडेक्सेस’ चालवा आणि ‘टाइप’चा रकाना बघा. तिथे ‘रेंज’ लिहिलेलं असेल तर निम्मं कोडं सुटलं. नुसतं ‘क्रिएट इंडेक्स’ म्हटलं की रेंज इंडेक्स होतो, आणि अंतराच्या प्रश्नाला तो कामाचा नाही. तुम्हाला हवा ‘क्रिएट पॉइंट इंडेक्स’. चौथ्या आवृत्तीत बी-ट्री हा एकच इंडेक्स दोन्ही कामं करायचा. पाचवीत तो काढून टाकला, त्यामुळे जुने धडे गिरवणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. नवा इंडेक्स केल्यावर ‘स्टेट’ या रकान्यात ‘ऑनलाइन’ दिसेपर्यंत थांबा, त्याआधी तो वापरला जात नाही. हेही लक्षात असू द्या की पॉइंट इंडेक्स एका वेळी एकाच प्रॉपर्टीवर होतो. ‘प्रकार’ आणि ‘जागा’ असा जोडइंडेक्स मिळणार नाही.

इंडेक्स बरोबर असूनही तो डावलला जात असेल तर दोष प्रश्नाच्या मांडणीत असतो. अंतराची अट ‘मॅच’ला लागून असलेल्या ‘व्हेअर’मध्येच हवी, आणि तिच्यात प्रॉपर्टी उघडी, जशीच्या तशी दिसायला हवी :

मॅच (ठ:ठिकाण)
व्हेअर पॉइंट.डिस्टन्स(ठ.जागा, $केंद्र) < २०००
रिटर्न ठ.नाव, पॉइंट.डिस्टन्स(ठ.जागा, $केंद्र) ॲज अंतर
ऑर्डर बाय अंतर

अंतर दोनदा लिहावं लागतं म्हणून बरेच जण आधी ‘विथ’मध्ये अंतर काढतात आणि त्याच्यापुढे ‘व्हेअर अंतर < २०००’ लावतात. दिसायला ते नीटनेटकं, पण मग आधी प्रत्येक नोडचं अंतर काढलं जातं आणि नंतर गाळणी लागते. तुमच्या पत्रातली क्वेरी नेमकी अशीच आहे. किलोमीटर हवेत म्हणून डावीकडच्या अंतराला हजाराने भागलं, तरी तोच परिणाम. त्याऐवजी उजवीकडच्या मर्यादेला हजाराने गुणा. तिसरा प्रकार म्हणजे अक्षांश आणि रेखांश दोन वेगळ्या प्रॉपर्टींत ठेवून पॉइंट क्वेरीतच बनवणं. इंडेक्स साठवलेल्या पॉइंटवर असतो, जागच्या जागी बनवलेल्यावर नसतो.

दुरुस्ती झाली की क्वेरीआधी ‘प्रोफाइल’ लावून चालवा. आराखड्यात अगदी तळाला ‘नोड बाय लेबल स्कॅन’ऐवजी (म्हणजे सगळे नोड चाळण्याऐवजी) ‘नोड इंडेक्स सीक बाय रेंज’ दिसलं पाहिजे. आत काय होतं हे कळलं तर पुढचे बरेच गोंधळ टळतात. हा इंडेक्स नकाशाला हिल्बर्ट वक्राने एका सरळ ओळीत ओवतो. तुमच्या वर्तुळाभोवती चौकोन बसवला जातो, त्या चौकोनात वक्राचे जे तुकडे येतात तेवढे वाचले जातात, आणि शेवटी प्रत्येकाचं नेमकं अंतर तपासून कोपऱ्यातले बिंदू गाळले जातात. म्हणजे वर्तुळ जितकं लहान, तितका फायदा मोठा. पणजीभोवती ५० किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात जवळजवळ सगळा गोवा येतो. तिथे इंडेक्स असून नसल्यासारखा.

आणि कधीकधी प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा भाग, इंडेक्स टाळतो ते शहाणपणानेच. ‘पायलट स्टँड’ या प्रकाराच्या नोडला सारे साठ स्टँड जोडलेले असतील, तर तिथून सुरुवात करून साठ अंतरं मोजणं स्वस्त. तरीही तुमचाच आग्रह असेल तर ‘यूझिंग पॉइंट इंडेक्स’ ही सूचना देता येते. आमचं मत विचाराल तर ती शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

प्रश्न (फर्मागुडी, अभियांत्रिकी विद्यार्थिनी) : प्रकल्पासाठी सीएसव्हीतून (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलमधून) दवाखाने भरले. कुठलीही एरर आली नाही. पण पणजी ते मडगाव सरळ रेषेत १६ किलोमीटर दाखवतंय, आणि काही दवाखाने कुठल्याच शोधात येत नाहीत.

उत्तर : १६ हा आकडाच सगळं सांगतो : अक्षांश आणि रेखांश उलटे भरले गेले आहेत. पणजी साधारण १५.५० उत्तर, ७३.८३ पूर्व. उलटं केलं की ते ७३.८३ उत्तर, १५.५० पूर्व होतं, म्हणजे नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्यामधला समुद्र. अक्षांश ९०च्या पुढे गेला तर डेटाबेस हरकत घेतो. आपला रेखांश ७३-७४ असल्यामुळे तो अक्षांश म्हणूनही बिनबोभाट खपून जातो. कोलकात्याच्या ८८ला हीच गत, टोकियोच्या १३९ला मात्र लगेच एरर. इतक्या उत्तरेला रेखांशाचा एक अंश जेमतेम ३१ किलोमीटरचा उरतो, त्यामुळे गोव्यातली उत्तर-दक्षिण अंतरं पाव-एक पटीवर येतात आणि पूर्व-पश्चिम जवळपास जशीच्या तशी राहतात. पणजी-मडगाव खरं सरळ अंतर २८-२९ किलोमीटर आहे, ते असं १६वर आलं. यात वाईट एवढंच, की उत्तर अगदीच वेडंवाकडं दिसत नाही. ‘जवळचे’ म्हणून काहीतरी येतच राहतं.

चूक बहुधा उगमापाशी असते. फोनवरच्या नकाशातून उचललेली जोडी ‘अक्षांश, रेखांश’ अशी येते. जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाइलमध्ये क्रम ‘रेखांश, अक्षांश’ असतो. म्हणून पॉइंट बनवताना नावं घालूनच बनवा, लॅटिट्यूड अमुक, लाँगिट्यूड तमुक. आणि भरणा झाल्याझाल्या एक तपासणी : अक्षांश १४.८ ते १५.९ आणि रेखांश ७३.६ ते ७४.४ यांच्या बाहेरचे नोड किती? गोव्यापुरत्या माहितीत उत्तर शून्य यायला हवं.

जे दवाखाने सापडतच नाहीत त्यांच्याबद्दल तीन शक्यता. सीएसव्हीतून येणारी प्रत्येक गोष्ट अक्षरमाळा असते, तिला ‘टू फ्लोट’ लावावं लागतं. रकाना रिकामा असेल तर ‘टू फ्लोट’ नल (म्हणजे ‘मूल्यच नाही’) देतो, नल अक्षांशाचा पॉइंटही नल, आणि नल प्रॉपर्टी साठवलीच जात नाही. दवाखाना नोड म्हणून आहे, पण त्याला जागा नाही. ‘व्हेअर द.जागा इज नल’ विचारून यादी काढा.

दुसरी शक्यता वेगवेगळ्या निर्देशांक-पद्धतींची. लॅटिट्यूड-लाँगिट्यूड या नावांनी बनवलेला पॉइंट ४३२६ क्रमांकाच्या पद्धतीत जातो; एक्स-वाय म्हणून दिलेला, वेगळं काही सांगितलं नाही तर, ७२०३ म्हणजे सपाट कार्टेशियन पद्धतीत. दोन पद्धतींमधलं अंतर नल येतं आणि ती ओळ निकालातून गुपचूप गळते. कोणी उत्साहाने काही नोडना उंचीही दिली असेल तर ते ४९७९ या त्रिमितीय पद्धतीत गेले, त्यांचंही तेच. ‘जागा.एसआरआयडी’ (पद्धतीचा क्रमांक) काढून गट मोजा, एकच आकडा दिसला पाहिजे.

तिसरी अगदी साधी : अंतर मीटरमध्ये असतं. ‘< ५’ म्हणजे पाच मीटर. याच्या उलट, अंशातले आकडे सपाट पद्धतीत ठेवून ‘< ५०००’ विचारलं तर सगळा गोवा ‘जवळ’ ठरतो, कारण तिथे अंतर अंशांत मोजलं जातं आणि आपलं राज्य दोन अंशांतही भरत नाही.

प्रश्न (पणजी) : मला त्रिज्या नको, ‘जवळच्या पाच औषधांच्या दुकानां’ची यादी हवी. ऑर्डर बाय अंतर, लिमिट ५ लावलं की क्वेरी मंदावते.

उत्तर : निओफोरजेचा पॉइंट इंडेक्स ‘अंतराच्या क्रमाने दे’ ही मागणी पुरी करत नाही. त्रिज्या नसेल तर तो सगळी दुकानं मोजून, रचून, वरची पाच देतो. ॲरांगोडीबी आणि पोस्टजीआयएस या दुसऱ्या डेटाबेसांचे अनुक्रमे जिओ आणि जीआयएसटी इंडेक्स हे काम थेट करतात. निओफोरजेत वर्तुळ वाढवत न्यायचं : छोट्या त्रिज्येने विचारा, पाच मिळाली तर थांबा, नाहीतर त्रिज्या दुप्पट. पूर्ण वर्तुळ तपासलेलं असल्यामुळे आत सापडलेली पहिली पाच हीच खरी जवळची पाच असतात.

इथे पॉइंट.विदिन-बीबॉक्स (चौकोनातले बिंदू शोधणारं फंक्शन) वापरून चौकोन वाढवू नका. चौकोनाच्या कोपऱ्यातलं दुकान त्रिज्येच्या १.४१ पट लांब असू शकतं, आणि चौकोनाच्या बाजूबाहेर त्याहून जवळचं दुकान राहून जातं.

सुरुवातीची त्रिज्या अंदाजाने नव्हे, हिशेबाने ठरवा. क्षेत्रफळ गुणिले हवी तेवढी दुकानं, या गुणाकाराला ‘पाय (३.१४) गुणिले एकूण दुकानं’ याने भागा, आणि त्याचं वर्गमूळ. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. समजा दुकानं एक हजार आणि हवीत पाच, तर उत्तर सुमारे २.४ किलोमीटर. पण दुकानं काही सारखी पसरलेली नसतात. पणजीत अर्ध्या किलोमीटरमध्ये पाच सापडतील, सत्तरीत आठ किलोमीटरलाही दोनच. म्हणून तालुक्यागणिक वेगळी सुरुवात ठेवलेली बरी. दर दुपटीला क्षेत्रफळ चौपट होतं हे ध्यानात ठेवून सुरुवात थोडी लहानच धरा. एखादी फेरी जास्त झाली तरी ती स्वस्तात पडते. वरची मर्यादा १२० किलोमीटर ठेवली की राज्य संपतं. नाहीतर माहितीत चारच दुकानं असताना लूप फिरत राहील.

प्रश्न (दिवाडी) : गावातून ‘सगळ्यात जवळचं’ विचारलं की ॲप नदीपलीकडचं रायबंदर दाखवतं. अंतर सरळ रेषेत बरोबर असेलही, पण मध्ये मांडवी आहे आणि फेरीबोट रात्रभर नसते. ग्राफ डेटाबेस असून हे जमत नाही?

उत्तर : जमतं, आणि इथेच ग्राफ ठेवल्याचं सार्थक होतं. पॉइंट इंडेक्सला नदी माहीत नसते. दोनापावलाहून वास्को सरळ रेषेत सहा-एक किलोमीटर, रस्त्याने झुआरी पुलावरून तीसेक. केरीहून तेरेखोल समोर दिसतं, पण फेरी चुकली तर महाराष्ट्रातून वळसा. त्यामुळे ठिकाणांच्या जोडीला रस्त्यांचं जाळं त्याच डेटाबेसमध्ये हवं.

जाळं ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशावरून घ्या. चौक आणि तिठे म्हणजे नोड (लेबल ‘सांधा’), दोन सांध्यांमधला तुकडा म्हणजे रिलेशनशिप, तिच्यावर लांबी मीटरमध्ये आणि वेळ मिनिटांत. एकेरी रस्त्याला एकच दिशा. दुहेरीला दोन रिलेशनशिप टाका. प्रोजेक्शन करताना (अल्गोरिदमसाठी ग्राफची प्रत मेमरीत घेताना) दिशा सोडून देऊ नका, नाहीतर पणजीतले एकेरी रस्तेही दुहेरी होतात. फेरीमार्ग ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वेगळ्या खुणेने नोंदलेले असतात आणि फक्त रस्ते उचलणाऱ्या आयात-स्क्रिप्टा ते सोडून देतात. ते मुद्दाम आणा, वेगळ्या प्रकारची रिलेशनशिप म्हणून. वेळ नुसती पार होण्याची धरू नका : फेरी दर वीस मिनिटांनी असेल तर सरासरी दहा मिनिटं धक्क्यावर जातात, ती मिळवा. पहिली आणि शेवटची फेरी या दोन प्रॉपर्टी ठेवल्या की रात्रीच्या शोधात तेवढ्या कडा वगळता येतात.

जाळं बरोबर जोडलं गेलंय का हे तपासायला तुमचं गावच उत्तम. दिवाडीला पूल नाही. निओफोरजेच्या ग्राफ डेटा सायन्स लायब्ररीतलं डब्ल्यूसीसी, म्हणजे जोडलेले तुकडे शोधणारं अल्गोरिदम, आधी फेरीच्या कडा वगळून चालवा : दिवाडी स्वतंत्र तुकडा म्हणून निघाली पाहिजे. मग फेऱ्यांसकट चालवा : ती मुख्य तुकड्यात मिसळली पाहिजे. पहिल्या खेपेलाच मिसळलेली दिसली तर कुठेतरी खोटी कड आहे. दुसऱ्या खेपेलाही सुटी राहिली तर फेरीचं टोक धक्क्यावरच्या रस्त्याच्या नोडला जुळलेलं नाही. ही दुसरी चूक फार आढळते. दोन नोड एकमेकांपासून तीन-चार मीटरवर असतात, नकाशावर एकच दिसतात, पण ग्राफच्या लेखी त्यांचा काही संबंध नसतो.

पुढचं पाऊल, प्रत्येक ठिकाण जवळच्या सांध्याला जोडणं. यासाठी वरचाच वाढत्या वर्तुळाचा शोध, ‘सांधा’वर पॉइंट इंडेक्स लावून. मर्यादा २०० मीटर ठेवा आणि त्यात न बसलेली ठिकाणं हाताने तपासा. पुलांपाशी सांभाळा. पणजीत अटल सेतूच्या खालच्या दुकानाला सगळ्यात जवळचा सांधा पुलावरचा निघू शकतो, आणि तिथून उतरायला वाट नसते. पुलांवरच्या आणि चढ-उतार मार्गांवरच्या सांध्यांना वेगळं लेबल देऊन ते जोडणीतून वगळा.

आता मूळ प्रश्न : रस्त्याने जवळचे पाच. सरळ अंतर हे रस्त्याच्या अंतरापेक्षा कधीच जास्त नसतं, या एका गोष्टीवर सगळी युक्ती उभी आहे. सरळ रेषेत जवळचे पाच घ्या, डाइकस्ट्राने (सर्वांत छोटा मार्ग काढणाऱ्या अल्गोरिदमने) त्यांची रस्त्याची अंतरं काढा. त्यांतलं सर्वांत मोठं समजा १४ किलोमीटर आलं. तर १४ किलोमीटरच्या वर्तुळाबाहेरचं कुठलंही ठिकाण या पाचांना हरवू शकत नाही; आतलं मात्र हरवू शकतं. म्हणून त्या वर्तुळातले उरलेले उमेदवार सरळ अंतराच्या क्रमाने घेत जा. चांगला सापडला की पाचांतला शेवटचा बाहेर जातो आणि वर्तुळ आक्रसतं. पुढच्या उमेदवाराचं सरळ अंतरच चालू मर्यादेपेक्षा जास्त झालं की काम संपलं. मिनिटांवर ठरवायचं असेल तर सरळ अंतराला जाळ्यातल्या कमाल वेगाने भागून तीच युक्ती वापरा.

एक बारकी पाचर आहे. निओफोरजे पृथ्वीला पूर्ण गोल मानून हॅवरसाइन सूत्राने अंतर काढतं, आणि त्रिज्या विषुववृत्ताकडची धरतं. आपल्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण अंतर त्यामुळे १० किलोमीटरमागे पन्नास-साठ मीटर जास्तच येतं. म्हणजे ‘सरळ अंतर कधीच जास्त नसतं’ हे केसभर मोडतं. मर्यादेत एक टक्का वाढवून ठेवा, प्रश्न मिटला.

डाइकस्ट्राऐवजी ए-स्टार हे मार्ग शोधणारं दुसरं अल्गोरिदम वापरणाऱ्यांसाठी धोक्याची खूण. ग्राफ डेटा सायन्समधला ए-स्टार उरलेल्या अंतराचा अंदाज सागरी मैलांत करतो, आणि तुमच्या कडांवरचं वजन कुठल्या एककात आहे हे तो विचारत नाही. वजन किलोमीटरमध्ये असेल तर अंदाज नेहमी कमी पडतो. उत्तर बरोबर, वेग थोडा कमी. मीटरमध्ये असेल तर अंदाज इतका क्षुल्लक ठरतो की ए-स्टार आणि डाइकस्ट्रा यांत फरक उरत नाही. वजन तासांत असेल तर मात्र घात : दहा किलोमीटरला पंधरा मिनिटं म्हणजे ०.२५, आणि अंदाज ५.४. फुगलेल्या अंदाजामुळे तो चुकीचा मार्ग ‘सर्वांत छोटा’ म्हणून देतो, तोही बेधडक. फेरीच्या वाटेवर हे पटकन कळतं, कारण तो फेरी सोडून भलतीकडून नेतो किंवा उलट करतो. लांबीवर शोधायचं तर वजन सागरी मैलांत बदला (किलोमीटर गुणिले ०.५४), नाहीतर सरळ डाइकस्ट्रा. गोव्याएवढ्या जाळ्याला डाइकस्ट्रा पुरेसा आहे.

प्रश्न (काणकोण) : भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत कोणकोणती बांधकामं येतात हे शोधायचंय. भरतीरेषा म्हणजे रेषा, आणि डेटाबेसमध्ये तर फक्त बिंदू. मग?

उत्तर : खरं आहे, निओफोरजेच्या मूळ प्रकारांत रेषा आणि बहुभुज नाहीत. ‘निओफोरजे स्पेशियल’ नावाचं प्लगइन ते देतं, आर-ट्री इंडेक्ससकट; पण प्लगइन डेटाबेसच्या आवृत्तीला जुळणारं मिळालं पाहिजे, शिवाय त्यातल्या ‘विदिन डिस्टन्स’ला अंतर किलोमीटरमध्ये द्यावं लागतं, मीटरमध्ये नाही. तिथे २०० लिहाल तर अख्खी किनारपट्टी निकालात येईल.

प्लगइनशिवायही भागतं. रेषेवर ठरावीक अंतराने बिंदू पेरा आणि त्यांच्यापासूनचं अंतर मोजा. चूक किती होईल हे आधीच सांगता येतं. बांधकाम रेषेपासून २०० मीटरवर, आणि बिंदू २० मीटरवर एक असे असतील, तर सर्वांत वाईट स्थितीत ते दोन बिंदूंच्या मधोमध येतं : २००चा वर्ग अधिक १०चा वर्ग, त्याचं वर्गमूळ २००.२५. फरक पाव मीटर. बिंदू २०० मीटरवर एक असे विरळ ठेवलेत तर हाच फरक जवळपास २४ मीटर होतो. शंभर किलोमीटर रेषेला वीस मीटरच्या हिशेबाने ५,००० बिंदू लागतात, डेटाबेसला ते काहीच नाहीत. बिंदू पेरण्याचं काम क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये करून सीएसव्ही काढा.

पण २०० मीटरवर पाव मीटरची काळजी घेताना वरच्या उत्तरातली गोल पृथ्वीची चूक विसरू नका, ती इथे मीटरभराची आहे. अशा कामाला यूटीएम ४३ उत्तर या सपाट पद्धतीत (ईपीएसजी ३२६४३) निर्देशांक बदलून, कार्टेशियन पॉइंट म्हणून साठवा. गोव्यात तिची चूक १० किलोमीटरला दोन-एक मीटर, म्हणजे २०० मीटरला चार-पाच सेंटिमीटर. आणि हा सगळा खटाटोप छाननीसाठी. कायदेशीर वाद असेल तिथे मंजूर आराखड्याचीच रेषा धरली जाते.

प्रश्न (मडगाव) : दर वेळी अंतर मोजण्यापेक्षा ‘जवळ’ नावाची रिलेशनशिपच आधी करून ठेवली तर?

उत्तर : जागा न हलवणाऱ्या गोष्टींसाठी उत्तम कल्पना. देवळं, चर्च, होमस्टे, बसथांबे यांच्यातलं ‘जवळ’ रात्री एकदा काढून ठेवा, अंतर त्या रिलेशनशिपवर लिहा. मग ‘या होमस्टेच्या जवळच्या देवळाच्या जवळची खानावळ’ असले दोन-तीन उड्यांचे प्रश्न भराभर सुटतात. मर्यादा मात्र घाला. २,००० ठिकाणांच्या सगळ्या जोड्या केल्यात तर १९,९९,००० रिलेशनशिप होतात, आणि त्यांतल्या बहुतेक पेडणे-काणकोण छापाच्या, निरुपयोगी. एक किलोमीटरची मर्यादा किंवा प्रत्येकाचे जवळचे वीस, यांपैकी एक धरा. एका जोडीला एकच रिलेशनशिप पुरते. वाचताना दिशा सोडून देता येते. दोन्ही बाजूंनी केलीत तर प्रत्येक उत्तर दोनदा येईल.

हलणाऱ्यांसाठी, म्हणजे पायलट, टॅक्सी, रुग्णवाहिका, हे करू नका. प्रत्येक हालचालीला डझनभर रिलेशनशिप तोडून जोडाव्या लागतील. त्यांची ‘जागा’ बदलत ठेवा (निदान पन्नास मीटर सरकल्याशिवाय लिहू नका) आणि पॉइंट इंडेक्सने शोधा.

मधला मार्ग पेशींचा. एचथ्री या षट्कोनी जाळीच्या आठव्या पातळीवर एक पेशी सरासरी ०.७४ चौरस किलोमीटरची, म्हणजे गोवा पाचेक हजार पेशींत बसतो. प्रत्येक पेशी एक नोड, शेजारच्या सहा पेशींना जोडलेला, आणि ठिकाण आपल्या पेशीला. जवळपासचा शोध म्हणजे स्वतःची पेशी आणि तिचा एक वेढा, अशा सात पेशी. दोन वेढ्यांना एकोणीस. एचथ्रीत बारा पंचकोनही असतात, पण ते सगळे समुद्रात नेऊन ठेवलेले आहेत, आपल्याला त्रास नाही. पेशीच्या कोपऱ्यावरच्या ठिकाणाला एका वेढ्याची हमी पेशीच्या एका बाजूएवढीच, म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या आसपास मिळते. त्यामुळे शेवटी नेमकं अंतर तपासायचंच. फार मोठी पेशी घेतली, उदाहरणार्थ पाचवी पातळी, तर कळंगुट-कांदोळी-बागा सगळं एका नोडला लटकतं आणि त्या नोडवरून जाणारी प्रत्येक क्वेरी अडकते.

प्रश्न (डिचोली) : गावातली ऐतिहासिक स्थळं आणि त्यांचं एकमेकांपासूनचं अंतर, एवढंच हवंय. निओफोरजे शिकू का?

उत्तर : नको. पोस्टजीआयएस घ्या. त्यात रेषा-बहुभुज आहेत, जवळचे पाच थेट मिळतात, आणि स्थळ कुठल्या पंचायतीच्या हद्दीत येतं हेही एका ओळीत कळतं. ‘या देवळाशी संबंधित कुटुंबांनी बांधलेली, तीन किलोमीटरच्या आतली इतर स्थळं’ असे नात्यांचे प्रश्न सुरू झाले की मग ग्राफकडे वळा, आणि हद्दीचं उत्तर पोस्टजीआयएसमध्ये काढून ‘हद्दीत’ अशी रिलेशनशिप म्हणून आणा. जेनसग्राफ या दुसऱ्या ग्राफ डेटाबेसचं नाव तुम्ही लिहिलंय. तिथे अंतराच्या शोधाला इलॅस्टिकसर्च, सोलर किंवा लुसीनचा मिश्र इंडेक्स सोबत चालवावा लागतो. एका माणसाच्या कामाला तो पसारा होतो.

प्रश्न (वास्को) : जुनी स्क्रिप्ट नव्या आवृत्तीवर ‘डिस्टन्स हे फंक्शन माहीत नाही’ म्हणते.

उत्तर : पाचव्या आवृत्तीपासून ते ‘पॉइंट.डिस्टन्स’ झालं. शोधा-बदला करताना ‘डिस्टन्स’ नावाच्या प्रॉपर्टी बदलल्या जाणार नाहीत एवढं बघा. कंसासकट शोधलंत तर धोका नाही. सोबतच बी-ट्री इंडेक्स बनवणाऱ्या ओळी काढून पॉइंट इंडेक्सच्या घाला.